दगडावर दगड

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ही दशावतारी मंडळी असावीत. एकजण किमोनो घालून गिटार वाजवत होता. शेजारी तुळतुळीत डोक्याचा, तोंडाला पांढरा रंग फासलेला, संन्याशासारख्या वस्त्रांतला माणूस बासवर. मागे ड्रम्सवर तिसरा. तिघंही पन्नाशी ओलांडलेले. आमच्या गावच्या जत्रेत मध्यरात्री रंगपटातून असेच चेहरे बाहेर यायचे आणि आम्ही मुलं आईच्या पदराआड सरकायचो.

२०१९ चा जून होता. पुण्यात पाऊस लांबला होता आणि मी एका प्रेस मशीनच्या जपानी माहितीपुस्तकाचं मराठी करत बसले होते. गेली पंधराएक वर्षं माझं हेच काम आहे. जपानी कारखान्यातली यंत्रं चाकणला येतात, त्यांच्यासोबत पुस्तकं येतात, आणि ती मराठी कामगारांना कळतील अशी करून द्यायची. त्या रात्री 'यंत्र चालू असताना हात आत घालू नये' हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत लिहून मी थकले होते. म्हणून गाणी लावली, आणि त्यात हे समोर आलं. गाण्याचं नाव 'मुजो नो स्कॅट'. बँडचं नाव निंगेन इसु, म्हणजे 'माणूस-खुर्ची'.

आठ मिनिटांवरचं गाणं. सुरुवातीचे स्वर एवढे सावकाश येतात की एक संपल्यावर दुसरा येईल याची खात्री वाटत नाही. मग गिटार आणि बास एकत्र खाली, खर्जात उतरतात आणि तिथेच चालू लागतात, ओझं घेतलेल्या माणसासारखे. आणि मध्येच शब्द संपतात. उरतो नुसता आलाप, अर्थ नसलेल्या अक्षरांचा. नावातलं 'स्कॅट' ते हेच. जाड्याभरड्या गळ्याचे हे पुरुष जणू पाळण्याजवळ उभे राहून गुणगुणतायत.

आई तेव्हा गावाहून माझ्याकडे आली होती. आतल्या खोलीतून उठून दाराशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "कोण मेलो काय ह्येंचो?"

मी हसले तेव्हा. पुढे बरीच वर्षं तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला.

*

या संगीताला डूम मेटल म्हणतात. त्याचा उगम सांगायचा तर जपान सोडून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जावं लागतं, आणि माझ्यापुरतं लालबागला.

लालबागला माझा मामा राहायचा. गिरणीत होता, ऐंशीच्या दशकातल्या संपानंतर मिळेल ते काम करायचा. त्याच्या मुलाला, आमच्या दादाला, मेटलचं वेड. दहा बाय बाराच्या खोलीत, माळ्यावर, त्याचा टेपरेकॉर्डर. मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला गेले की तो मला कॅसेट ऐकवायचा. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक होत असे, तिथेही त्याने मला एकदा नेलं. मामीला सांगितलं, नाटकाला जातो. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम मी त्याच माळ्यावर ऐकला. पाऊस, घंटा, आणि मग तीन स्वरांचा तो जड, काळा तुकडा. बाहेर चाळीतला नळ वाहत होता आणि मला वाटलं, हे गाणं कोणत्या तरी कारखान्यात केलेलं आहे.

ते खोटं नव्हतं. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, परत जायचं नव्हतं. आईने सांगितलं, सुरू केलंय ते पुरं कर, म्हणून गेला, असं तो सांगतो. त्या दुपारी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तारा पातळ लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर आणखी खाली उतरवला, की दुखऱ्या बोटांना ताण कमी पडावा. १९७१ पर्यंत तो गिटार नेहमीपेक्षा दीड स्वर खाली लावून वाजवत होता. डूम मेटलचा तो खर्ज आला तो तिथून. ज्या वाक्याचं मी त्या रात्री मराठी करत होते, ते त्या कारखान्यात कोणी नीट लिहून लावलं असतं तर हे संगीत कदाचित जन्मलंच नसतं. हा विचार मनात आला की मला अजूनही अस्वस्थ होतं.

डूममध्ये चाल सेकंदकाट्याएवढी, कधी त्याहून संथ. सवाईला रात्र रात्र बसलेल्या माणसाला विलंबित काय असतं हे समजवावं लागत नाही. फरक एवढाच की ख्यालात विलंबितानंतर द्रुत येतो, मोकळं व्हायला वाव असतो. डूम तसा वाव देईलच असं नाही. ते तुम्हाला तिथेच बसवून ठेवतं.

जपानमध्ये या संगीताला मोठी परंपरा आहे. ओसाकाचा करप्टेड बँड चक्क स्पॅनिशमध्ये गातो. टोकियोचा चर्च ऑफ मिझरी अप्रतिम वाजवतो, पण त्यांची गाणी खुन्यांवर असतात आणि ते मला सोसत नाही. मारलेल्यांची नावं कुणी गात नाही. बोरिस तर दर दोन वर्षांनी वेगळाच बँड होतो. आणि काटेकोर ऐकणारे निंगेन इसुला शुद्ध डूम म्हणायला तयार नसतात, कारण यांची कित्येक गाणी चांगली धावणारी आहेत. ते बरोबरही असेल. पण सॅबथकडून ओझं वाहण्याची रीत शिकून ती आपल्या गावच्या मातीत रुजवणं म्हणजे काय, ते मला या तिघांइतकं कुणी दाखवलेलं नाही.

*

गाव म्हणजे हिरोसाकी. जपानच्या मुख्य बेटाचं अगदी उत्तरेचं टोक म्हणजे आओमोरी प्रांत, आणि त्याच्या पश्चिमेचा त्सुगारु हा मुलूख. तिथलं हे जुनं किल्ल्याचं गाव. वर १,६२५ मीटर उंचीचा इवाकी डोंगर. हिवाळ्यात बर्फ एवढं पडतं की घरं दिसेनाशी होतात. देशातली निम्म्याहून जास्त सफरचंदं या एका प्रांतात पिकतात. तरी टोकियोच्या नजरेत तो शतकानुशतकं मागासलेला, गरीब, दूरचा मुलूख राहिला.

गिटारवाला शिन्जी वाजिमा आणि बासवाला केनइची सुझुकी हे दोघं इथले, शाळेपासूनचे मित्र. एकाच हायस्कुलात शिकले. दोघांनाही सॅबथचं वेड. पुढे टोकियोला गेले. वाजिमाने कोमाझावा विद्यापीठात बौद्ध धर्माचा अभ्यास केला, सुझुकीने सोफिया विद्यापीठात रशियन भाषेचा. १९८७ मध्ये त्यांनी बँड काढला. नाव घेतलं एदोगावा रान्पोच्या १९२५ मधल्या एका कथेचं. खुर्च्या बनवणारा एक कारागीर स्वतःच बनवलेल्या खुर्चीत लपून बसतो आणि वर येऊन टेकणाऱ्यांचं वजन, ऊब अंगावर घेत राहतो. बँडसाठी याहून नेमकं नाव मला सुचत नाही. दुसऱ्याचं वजन अंधारात बसून झेलणारा माणूस.

आणि त्यांची भाषा. त्सुगारुची बोली जपानी लोकांनाही कळत नाही. तिथले म्हातारे टीव्हीवर बोलले की खाली प्रमाण जपानीत ओळी देतात. ही बोली शब्द कापून कापून उरलेली आहे. 'दोसा?' म्हणजे 'कुठे चाललात?' 'युसा' म्हणजे 'न्हाणीघरात.' झालं संभाषण. थंडीत तोंड फार उघडायला नको म्हणून असं झालं, असं तिकडचे लोक सांगतात. 'मी'ला ते नुसतं 'वा' म्हणतात, 'तू'ला 'ना'.

मी सिंधुदुर्गातली. पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिल्या महिन्यात तोंडातून 'माका' निघालं आणि जेवणाच्या टेबलावर जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. त्यानंतर मी एवढी शुद्ध बोलू लागले की आईशी फोनवर बोलतानाही शब्द अडखळायचे. तिला ते कळायचं. ती काही म्हणायची नाही, फक्त बोलणं लवकर आटपायची. म्हणून, टोकियोच्या रंगमंचावर तीस वर्षं उभे राहून हे दोघं त्सुगारुच्या हेलात बोलतात, गावच्या बोलीत अख्खी गाणी गातात, हे मला कळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्यांच्या एका गाण्याचं नाव आहे 'दोत्तो हाराइ'. तिकडची आजी गोष्ट सांगून संपली की हे शब्द म्हणते. आपल्याकडे कहाणी 'पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' होते तसं. हे नाव वाचून मला एका क्षणात श्रावणातला शुक्रवार आणि उदबत्तीचा वास आला.

गिटारमध्येही गाव आहे. त्सुगारुचं शामिसेन हे तीन तारांचं वाद्य मुळात आंधळ्या भिक्षेकऱ्यांचं. दारोदार, बर्फात उभं राहून वाजवायचं, मूठभर तांदळासाठी. बंद दारामागच्या माणसाला ऐकू जायला हवं, म्हणून ते तार छेडण्यापेक्षा नखीने कातड्यावर प्रहार करत वाजवू लागले. वाजिमाच्या इलेक्ट्रिक गिटारवर काही ठिकाणी हाच आघात ऐकू येतो, 'सफरचंदाचे अश्रू' नावाच्या गाण्यात तर लख्ख. बर्मिंगहॅमचा पत्रा आणि त्सुगारुचं कातडं. दोन्हीकडे हात दुखावलेले, दोन्हीकडे दार बंद.

*

१९८९ मध्ये त्यांना एक दार उघडलं. टीबीएस वाहिनीवर शनिवारी रात्री उशिरा बँडची स्पर्धा दाखवायचे, त्या कार्यक्रमाने सगळा जपान वेडा केला होता. सुझुकी तिथे गेला तो एका लोकप्रिय भुतांच्या कॉमिकमधल्या उंदीरमाणसाच्या वेशात. लोकांना वेश लक्षात राहिला. पुढच्या वर्षी मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम आला. त्याचं नाव दाझाई ओसामुच्या कादंबरीवरून घेतलेलं, दाझाईही त्सुगारुचाच. त्या दिवसांत जपानमध्ये पैसा उतू जात होता, कंपन्या हाताला लागेल त्या बँडला करारबद्ध करत होत्या. मग बुडबुडा फुटला, बँडची लाट ओसरली, आणि ती लाट ज्यांना घेऊन आली होती त्यातले बहुतेक तिच्याबरोबर परत गेले.

हे परत गेले नाहीत. या गोष्टीचा मला जास्त विचार करावासा वाटतो, कारण यात सांगण्यासारखं काहीच घडलेलं नाही. पहिले चार अल्बम १९९३ पर्यंत आले. पाचवा, १९९५ चा, एका छोट्या स्वतंत्र लेबलवरून काढावा लागला. ड्रमवाले बदलले. आत्ताचा नोबु नाकाजिमा २००४ मध्ये आला आणि तो टिकला. अल्बम येत राहिले, दर वर्षा-दोन वर्षांनी एक. ऐकणारे थोडे. वाजिमा आणि सुझुकी पोटासाठी तासावारी कामं करत होते. एखाददुसरं वर्ष नव्हे, वय चाळिशीपार जाईपर्यंत. संध्याकाळी काम संपवायचं आणि मग नरकावर, भुतांवर, बर्फावर, सुमो पैलवानांवर गाणी रचायची, पुन्हा त्याच खर्जात.

तरुण असताना गरिबीत संगीत करणं यात एक नशा असते. दादाने माळ्यावर ती मला दाखवली होती. त्याचाही एक बँड होता, दोन वर्षं चालला. मग त्याला कुरिअरच्या कंपनीत नोकरी लागली आणि गिटार एका मित्राकडे गेली ती गेलीच. मी त्याला दोष देत नाही, मामाचं दुखणं होतं. पण पंचेचाळीसाव्या वर्षी, कोणी वाट पाहत नसताना, सोळावा अल्बम करणं म्हणजे काय? त्याला नशा म्हणता येणार नाही. आई रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावते. कोणी बघत नाही, विजेचे दिवे आहेत, वारा आला की विझतो, ती परत लावते. मला त्यांच्या त्या वीस वर्षांसाठी हेच चित्र दिसतं.

२०१३ मध्ये सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न याचा ओझफेस्ट हा संगीतमहोत्सव जपानला आला. ब्लॅक सॅबथ स्वतः तिथे वाजवणार होते, आणि बोलावलेल्या जपानी बँडमध्ये निंगेन इसु होते. जे संगीत गावात बसून रेकॉर्डवर ऐकलं, ते वाजवणाऱ्यांच्याच जत्रेत आता उभं राहायचं. तिथल्या तरुणांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. यांच्यासाठी बदललं एवढंच की लोक आले. वेश तोच, खर्ज तोच, बोली तीच.

मग २०१९, आणि 'मुजो नो स्कॅट'. त्यांचा एकविसावा अल्बम. कारकिर्दीची तीस वर्षं. यूट्यूबवर त्याच वर्षी दहा लाखांचा आकडा ओलांडला आणि खाली स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, इंग्रजीत लोक लिहू लागले, की हे इतके दिवस कुठे होते. ते तिथेच होते. २०२० च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा युरोपात गेले, जर्मनी आणि लंडन, आणि परत आल्यावर महिनाभरात जगाची दारं बंद झाली.

'मुजो' या शब्दापाशी मी अनुवादक म्हणून बराच वेळ घालवला आहे. गाण्याच्या नावात तो जसा लिहिलाय त्याचा अर्थ 'निर्दय', शब्दशः भावना नसलेलं. पण जपानीत अगदी तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, फक्त एक अक्षर वेगळं, आणि त्याचा अर्थ 'अनित्य'. बुद्धाचा अनित्य. कागदावर निर्दय दिसतं, कानाला दोन्ही ऐकू येतं. मराठीत एका शब्दात हे दोन्ही मला आजवर आणता आलेलं नाही. आणि पुढे तो आलाप आहे, जिथे अनुवाद करायला काही नाहीच.

*

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा तेविसावा अल्बम आला. नाव, 'शिकी सोकु झे कू'. नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले, कारण ते भाषांतर न करताच कळत होतं. हे प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातलं वाक्य आहे. आपल्या संस्कृतातलं, 'रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्.' जपानी मंदिरांत रोज म्हणतात तो या सूत्राचा चिनी पाठ ह्युएन त्संगच्या नावावर आहे. तोच, शाळेच्या इतिहासात भेटणारा, जो सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. ज्या माणसाने आमच्या वाटा तुडवल्या त्याच्या नावाने चालत आलेलं वाक्य हिरोसाकीचे दोघं खर्जात वाजवतायत, याचा मला झालेला आनंद मी कुणाला सांगावा हे त्या दिवशी कळेना. शेवटी दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "लिंक पाठव गो."

त्याच ऑक्टोबरमध्ये कामासाठी जपानला जायचं होतं. चार दिवस जास्त घेतले आणि उत्तरेला गेले.

हिरोसाकीत सफरचंदं झाडावर होती, लाल, हाताला येतील एवढी खाली. नेपुता उत्सवातले पंख्याच्या आकाराचे प्रचंड कागदी दिवे एका ठिकाणी मांडून ठेवले होते, पुढच्या बाजूला युद्ध, मागच्या बाजूला उदास स्त्रीचं चित्र. ढोल वाजवून दाखवणाऱ्या काकांनी सांगितलं, की मिरवणुकीच्या तीन चाली असतात: जातानाची, थांबल्यावरची, परततानाची. परततानाची त्यांनी वाजवून दाखवली. या बँडचं एक गाणं त्या परतण्यावरच आहे. आमच्याकडे गणपती बुडवून रिकामा पाट घेऊन लोक घरी येतात त्या चालीला मात्र कधी कुणी नाव दिलं नाही.

पण मला जायचं होतं त्याच प्रांतातल्या ओसोरेझान डोंगरावर. त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये 'साइ नो कावारा' नावाचं गाणं आहे. ही एक नदीकाठची जागा, या जगाच्या आणि पुढच्या जगाच्या मध्ये. आईबापांच्या आधी गेलेली लहान मुलं तिथे असतात. त्यांना नदी पार करता येत नाही, कारण आईबापांना रडवून आली, पुण्य करायला वेळच मिळाला नाही. म्हणून ती दगडावर दगड रचून स्तूप करत बसतात. जुन्या स्तोत्रात म्हटलंय, पहिला थर बापासाठी, दुसरा आईसाठी. संध्याकाळ झाली की राक्षस येतो आणि सगळं पाडून टाकतो. मुलं पुन्हा रचायला घेतात. शेवटी जिझो येतो, आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, आणि त्यांना आपल्या झग्यात लपवतो.

या जागेचं पृथ्वीवरचं रूप म्हणून जपानी लोक ओसोरेझानला जातात. नोहेजीला गाडी बदलून शिमोकिता, तिथून बस. वैतरणीसारख्या एका नदीवर लाल, कमानदार पूल. मग झाडं संपतात. पांढरे-पिवळे खडक, भेगांतून वाफ, गंधकाचा वास; तिथे ठेवलेली नाणी काळी पडतात. आणि सगळीकडे दगडांच्या राशी. मुलांचे आईबाप, आजीआजोबा येऊन रचून जातात, पोरांचं काम हलकं व्हावं म्हणून. राशींमध्ये रोवलेल्या कागदी भिंगऱ्या, गुलाबी, निळ्या. वारा आला की सगळ्या एकदम फिरतात, आणि त्या उजाड जागेत तेवढाच आवाज होतो. एका जिझोच्या पायाशी दुधाची बाटली होती. एकाच्या पायाशी अगदी नवे, किंमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेले बूट.

आमच्या बागेत माडांच्या मागे, काजूच्या बुंध्याशी एक जांभ्याचा चिरा आहे. लहानपणी आम्ही त्यावर बसलो की आई हाक मारून उठवायची. कारण सांगायची नाही. मी मोठी झाल्यावर मामीने सांगितलं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, आठ महिन्यांचा होऊन गेला. पावसाचे दिवस, ओहोळ भरलेला, पलीकडे जाता आलं नाही. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. मी एकदाच आईला विचारलं होतं. "तां कित्याक काढतंस आता?" म्हणाली आणि विळीवर वाकली.

ओसोरेझानला मी पाच दगड रचले. पाचवा दोनदा घसरला. हाताशी मोबाइल होता, कानात गाणं लावता आलं असतं, पण लावलं नाही. त्या जागेला स्वतःची संथ चाल होती, तिच्यात आणखी काही मिसळावंसं वाटलं नाही. पुढे सरोवरापर्यंत गेले. पाणी निळं, स्थिर, पलीकडे डोंगर. एक म्हातारी बाई पाण्याकडे तोंड करून कोणाशी तरी बोलत होती, आपल्या बोलीत. मला त्यातलं 'ना' एवढंच कळलं. तू.

*

दिवाळीला गावी गेले. दुपारी आई ओटीवर सुपारी निवडत बसली होती. मी तिला फोनवर फोटो दाखवले. दगड, भिंगऱ्या, लाल आंगडी घातलेले जिझो. काय आहे ते सांगितलं, माझ्या तोंडून मालवणीतच निघालं सगळं. तिने हात पदराला पुसले, फोन हातात घेतला आणि एकेक फोटो बोटाने मोठा करून पाहिला.

"राकस रोज पाडता?"

"रोज."

"आणि पोरां?"

"परत लावतत."

ती काही बोलली नाही. सुपाऱ्या तशाच राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुझां तां गाणां हा मा, कोणतरी मेल्यासारख्या? तां लाव."

मी लावलं. खर्जातली गिटार ओटीवरून मागे बागेत गेली. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आई उठली. वाटलं, आत जाईल. ती पायऱ्या उतरली, विहिरीपाशी वाकून एक बसका, चपटा दगड उचलला आणि माडांच्या मागे गेली. आलाप चालू झाला होता. मी आवाज थोडा वाढवला.